डाव्या हाताची सलामी

१

रेडिओवर रोजा सोडायची तोफ झाली आणि आम्ही साठ माणसं स्टुडिओच्या अंगणातल्या लांबलचक टेबलाकडे धावलो. मी तीन खजूर खाल्ले, वाडगाभर मसुराचं सूप प्यायले आणि पंचवीस मिनिटांनी फ्लोअरवर परत आले. माझी खुर्ची जागेवर होती. खुर्चीवरची शाल जागेवर होती. शालीखालची फाइल मात्र नव्हती.

मी खुर्चीखाली पाहिलं, दिव्यांच्या पेट्यांमागे पाहिलं, खोट्या पोलीस ठाण्याच्या खोट्या कपाटातही पाहिलं. मग मटकन खाली बसले.

माझं काम कंटिन्युइटीचं. मालिकेतला एकच प्रसंग चार तुकड्यांत, कधी चार दिवसांत चित्रित होतो. पहिल्या तुकड्यात चहाचा ग्लास अर्धा असेल तर चौथ्यातही तो अर्धाच हवा, घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर डाव्याच. हे लक्षात ठेवणारी बाई म्हणजे मी, नशवा. दर शॉटनंतर मी कार्बन घातलेल्या पॅडवर नोंद करते: कितव्यांदा घेतलेला शॉट पसंत, कोण कुठे उभा, कुठला हात कुठे. वरचा कागद संकलकाकडे जातो आणि कार्बनखालची प्रत माझ्या फाइलमध्ये राहते. एकोणीस वर्षांत माझी फाइल कधी हरवली नव्हती.

पण हरवायला तिने दिवस निवडला तो असा.

आमची मालिका पोलिसांची होती. नाव ‘कालव्याकाठचं ठाणं’. रमजानात रोज एक भाग प्रसारित व्हायचा, आणि कैरोतल्या बऱ्याच मालिकांसारखं आमचंही निम्मं चित्रीकरण रमजान लागल्यावरच चाललं होतं. पहिले अकरा भाग लोकांनी डोक्यावर घेतले. बाराव्यापासून चुका दिसू लागल्या. ब्रिगेडियर शाकिरच्या हातातला ग्लास एका क्षणी उजव्या हातात, दुसऱ्या क्षणी डाव्या. चौदाव्या भागात टेलिफोनचं तेच. सोळाव्यात पिस्तुलाचं म्यान उजव्या कमरेला आणि पिस्तूल निघालं डाव्या हातात. आणि सतराव्या भागात कहर झाला. शहीद झालेल्या तरुण अधिकाऱ्याच्या शवपेटीसमोर ब्रिगेडियर शाकिरने सलामी दिली ती डाव्या हाताने!

देशभर हसं झालं. ज्या प्रसंगाला लोकांनी रडायचं, तिथे ते पोट धरून हसले. कुणीतरी माझं नाव शोधून काढून फोटोसकट इंटरनेटवर टाकलं. माझी आई फोनवर विचारत होती, ‘‘अगं, तुला डावं-उजवं मी शिकवलं नव्हतं का?’’

त्याच दुपारी दिग्दर्शक हाझिमने सगळ्या युनिटसमोर सांगितलं होतं, ‘‘नशवा म्हणते तिने बरोबर शॉट पसंत केले. ईहाब म्हणतो त्याला कागदावर दुसरेच आकडे मिळाले. उद्या मी नशवाच्या फाइलमधल्या कार्बनप्रती ईहाबच्या कागदांशी लावून बघणार. जो खोटा ठरेल तो घरी जाईल.’’

आणि तीन तासांत फाइल नाहीशी!

हाझिमने माझ्याकडे पाहिलं ती नजर मी विसरणार नाही. ‘‘फाइल तूच घरी ठेवून आलीस ना?’’ तो हळूच म्हणाला. ‘‘उद्या रोजा सुटेपर्यंत वेळ देतो. वाहिनीला मला कुणाचं तरी नाव द्यायचंय.’’

२

‘‘नाव माझंही गेलंय, पोरी,’’ मागून आवाज आला.

अम्म बदावी. अम्म म्हणजे काका. एकतीस वर्षं पोलिसात काढून निवृत्त झालेला हा जाडजूड गृहस्थ आमच्या मालिकेचा सल्लागार होता. काम एकच, लेखकाच्या चुका पकडायच्या. पहिल्याच दिवशी त्याने संहिता मिटून विचारलं होतं, ‘‘तुमचा अधिकारी स्वतःच आरोपीला चार दिवस कोठडी देतो? मग सरकारी वकिलाने काय ताअमियाची भजी तळत बसायचं?’’ तेव्हापासून लेखक त्याला टाळायचा आणि मी त्याच्याजवळ बसायची.

‘‘माझे जुने सोबती फोन करतात,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणतात, बदावी, आता पायाने सलाम शिकव. ऊठ, डोळे पूस. टेबलावर कोण कोण नव्हतं ते सांग.’’

मी आठवून सांगितलं. उस्ताद फखरी, म्हणजे आमचा ब्रिगेडियर शाकिर. वय अडुसष्ट, पण रोजा चुकवत नसे. दमून गेल्यामुळे तो हल्ली आपल्या खोलीतच रोजा सोडायचा. त्याचं ताट घेऊन गेलेली उम्म नबील, म्हणजे नबीलची आई, त्याची पोशाखवाली. संकलक ईहाब, जो महिनाभर आपल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेरच आला नव्हता. आणि सहायक दिग्दर्शिका लम्या, जी सूप अर्धवट टाकून ‘फोन राहिला’ म्हणत आत पळाली होती.

‘‘उस्तादांना सोडा,’’ मी म्हटलं. ‘‘ते कशाला...’’

‘‘मी कुणालाच सोडत नाही. मला सोडायची परवानगी नसायची. चल, आधी कागद बघू.’’

ईहाबच्या खोलीत कॉफीचा आणि गरम यंत्रांचा वास कोंडला होता. तो आम्हाला बघून उसळला, ‘‘आलात? मला फासावर द्यायला? मी तीस दिवसांत तीस भाग जोडतो, नशवा! तुझ्या कागदावर जे असतं ते लावतो. सलामीचा शॉट बघून माझेही डोळे विस्फारले. पण खाली तुझी सही होती. मी म्हटलं, नशवाने पसंत केलाय म्हणजे काहीतरी कारण असेल. चेहऱ्यावर सावली पडत असेल. एकोणीस वर्षांत तू कधी चुकलीस?’’

त्याचा विश्वास मला शिवीपेक्षा जास्त लागला.

भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या गठ्ठ्यातून त्याने सलामीचा कागद काढला. अक्षर माझं. सही माझी. आणि ‘पसंत’च्या पुढे आकडा होता तीन.

‘‘मी दोन लिहिलं होतं,’’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. ‘‘दुसरा शॉट उजव्या हाताचा होता. मग उस्ताद म्हणाले, उजव्या हाताची चेहऱ्यावर सावली पडते, माझ्या समाधानासाठी एक डाव्या हाताने घ्या. हल्ली ते प्रत्येक वेळी असं एक मागतात, आणि हाझिम त्यांचं मन राखतो. तो शॉट वापरायचा नव्हताच.’’

अम्म बदावीने कागद दिव्यासमोर धरला. मग उलटा करून टेबलावर ठेवला. ‘‘डोळे मीट. तुझ्या सहीवरून बोट फिरव.’’

मी फिरवलं. कार्बन उमटावा म्हणून मी पेन दाबून लिहिते. मागच्या बाजूला सही फुगून आली होती.

‘‘आता आकड्यावरून.’’

आमच्या अरबी अंकांत दोनला वर एक दात जास्त काढला की तीन होतो. मी अंक छापल्यासारखे काढते, घोटाळा नको म्हणून. बोटाला दोनची उभी रेघ लागली, पहिला दात लागला. दुसरा दात लागलाच नाही. तिथे कागद सपाट होता, फक्त शाईचा एक काळा ठिपका मागे झिरपला होता.

‘‘दोन तू काढलास,’’ अम्म बदावी म्हणाला. ‘‘त्याचा तीन दुसऱ्या कुणीतरी केला. कागद पॅडवरून फाडल्यावर, दुसऱ्या पेनाने. म्हणून तर फाइल चोरावी लागली. कार्बनखाली अजून दोनच आहे!’’

३

मी तिथल्याच एका खुर्चीत बसून रडले. ईहाबने मला आपल्या वाटणीचा बसबुसा, रव्याची गोड वडी, दिली आणि स्वतः नुसती कॉफी प्यायला. पण अम्म बदावीला अजून समाधान नव्हतं. त्याने ते सगळे कागद मागून घेतले आणि बोटांनी चाचपत बसला. बाराव्या भागापासून सहा कागद बदललेले निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लम्याला अंगणात गाठलं. मी शेजारी होते.

‘‘नशवाच्या कागदांचं पाकीट स्टुडिओतून संकलनाच्या खोलीत कोण नेतं?’’

‘‘मी.’’ लम्याने हनुवटी वर केली. ‘‘म्हणजे चोर मीच ना? सगळे हेच म्हणतायत. नशवाच्या खुर्चीवर माझा डोळा आहे म्हणून.’’

‘‘आहे का?’’

‘‘आहे,’’ ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून लाल झाली. ‘‘पण तिच्याकडून शिकून घ्यायचीय, चोरून नाही. काल मी आत गेले ते फोनसाठीच. खरं म्हणजे नवऱ्याशी भांडण चाललंय, सगळ्यांसमोर रडू नये म्हणून गेले. लिहून घ्या, हवं तर.’’

‘‘नवऱ्याची फिर्याद मी घेत नाही,’’ अम्म बदावी म्हणाला. ‘‘घेतली असती तर माझ्या बायकोनेच पहिली माझ्याविरुद्ध आणली असती. एक सांग, पाकीट घेतल्यावर सरळ ईहाबकडे जातेस?’’

‘‘सरळच. फक्त वाटेत कपड्यांच्या खोलीत थांबते. पोशाखाची यादीही त्याच पाकिटात घालायची असते. उम्म नबील यादी पुरी करेपर्यंत मी उद्याच्या कलाकारांना फोन करते.’’

‘‘आणि पाकीट?’’

‘‘तिच्या टेबलावर.’’

अम्म बदावीने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. उम्म नबीलबद्दल असं काही मनात आणणंसुद्धा पाप होतं. सव्वीस वर्षं ती उस्ताद फखरीचे कपडे सांभाळत होती. माझ्या वडिलांच्या मयताला ती सगळ्यांच्या आधी आली होती आणि सगळ्यांच्या नंतर गेली होती.

‘‘तिचं माझ्याशी काय वैर?’’ लम्या गेल्यावर मी म्हटलं.

‘‘तुझ्याशी वैर असतं तर तिने सगळे कागद बिघडवले असते. त्याच पाकिटांत इतर नटांचे शंभरेक कागद होते. त्यांतल्या एकालाही हात लागलेला नाही.’’ तो थांबला. ‘‘ईहाबला आकडा बदलायची गरजच नाही, तो हवा तो शॉट लावू शकतो. लम्याला तुझी जागा हवी असती तर तिला कुणाचाही कागद बिघडवून चाललं असतं. पण हे सहाही कागद एकाच माणसाचे आहेत, आणि एकाच हाताचे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे आपण काल रात्रीपासून चुकीचे शॉट बघतोय. जे दाखवले गेले ते. चल, जे लपवले गेले ते बघू.’’

४

ईहाबने सहा प्रसंगांचे सहा ‘दुसरे’ शॉट एकामागून एक लावले. सगळे माझ्या पसंतीचे. मला वाटलं होतं, बघून माझा ऊर भरून येईल.

पहिल्यात उस्ताद उजव्या हाताने चहाचा ग्लास उचलतो. बरोबर उंचीवर, बरोबर शब्दावर.

‘‘ग्लास बघू नकोस,’’ अम्म बदावी म्हणाला. ‘‘बोटं बघ.’’

बोटं ग्लास धरत नव्हती. तळवा आणि अंगठा यांच्यात ग्लास अडकवला होता. टेलिफोनच्या शॉटमध्ये रिसीव्हर घसरला आणि उस्तादने तो खांद्याने सावरला, इतक्या सफाईने की मी तेव्हा त्याला अभिनय समजले होते. पिस्तुलाच्या शॉटमध्ये हात म्यानापर्यंत गेला आणि नुसताच तिथे राहिला. आणि सलामी! उजवा हात कपाळाशी गेला, तीन सेकंद टिकला आणि मग हळूहळू, दोरी सैल सुटावी तसा उतरू लागला. उस्तादच्या डोळ्यांत भीती होती. त्या शॉटनंतर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी स्टुलावर बसले. ग्लास, घड्याळ, म्यान, सगळं टिपलं होतं मी. फक्त माणूस टिपला नव्हता.

‘‘शेवटचा तिथेच थांबव,’’ अम्म बदावी ईहाबला म्हणाला. ‘‘छातीवर जवळ ये. अजून जवळ.’’

पडद्यावर ब्रिगेडियर शाकिरच्या सदऱ्याची बटणं आली.

‘‘आठ दिवसांपूर्वी मी माझ्या चुकांच्या वहीत लिहिलं होतं, ब्रिगेडियरचा सदरा चुकीचा. कुणी लक्ष दिलं नाही. मलाही वाटलं, म्हातारा बारीकसारीक काढतोय. बघ, बटण काजातून गेलेलंच नाही. ते वर नुसतं शिवलंय. सदरा आत टिचबटणांनी लागलाय. आमच्या सदऱ्याला टिचबटणं नसतात, पोरी. टिचबटणं कुणाला लावतात? ज्याला बटण घालता येत नाही त्याला.’’

ईहाबने चित्र अजून मोठं केलं.

‘‘आणि तो दात ज्या पेनाने काढलाय,’’ तो पुढे म्हणाला, ‘‘त्याची शाई कागदातून मागे झिरपते. कापडावर लिहायचं पेन आहे ते. सदऱ्याच्या कॉलरमध्ये नटाचं नाव लिहितात ना, धुण्यात जाऊ नये म्हणून, त्यातलं.’’

‘‘उम्म नबील,’’ मी म्हटलं.

पण अम्म बदावी उठून उभा राहिला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याचा आनंद अजिबात नव्हता.

‘‘ईहाब, तुझी गाडी चालू स्थितीत आहे का?’’

५

उस्ताद फखरी खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून बसला होता. उम्म नबील त्याच्या पायाशी बसून त्याचा उजवा पंजा तेलाने चोळत होती. आम्हाला बघून तिने पटकन त्या हातावर टॉवेल टाकला.

अम्म बदावी जमिनीवर तिच्यासमोर मांडी घालून बसला. इतका जड माणूस, पण बसला.

‘‘उम्म नबील, मी ओरडायला आलो नाही. फाइल इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे ना?’’

तिने उस्तादकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

‘‘काळ्या पेटीत,’’ ती म्हणाली. ‘‘तिसऱ्या सदऱ्याखाली. एक पान फाडलं नाही मी, नशवा. देवाशपथ. मालिका संपली की तुझ्या पायावर घालणार होते.’’

‘‘कसली फाइल?’’ उस्तादने डोळे उघडले. ‘‘काय केलंस तू?’’

‘‘तुमची अब्रू झाकली!’’ ती एकदम उसळली. ‘‘तुम्हीच शपथ घातलीत ना, कुणाला सांगू नकोस म्हणून? निर्मात्याला कळलं तर ब्रिगेडियरला गोळी घालतील आणि मला घरी पाठवतील, म्हणालात ना? सांगितलं नाही मी कुणाला. पण या नशवाने तुमचे पडेल शॉटच पसंत करायचे, आणि सगळ्या देशाने तुमचा हात लुळा बघायचा? मला नाही बघवलं. डाव्या हाताने तुम्ही कसे दिसता! सिंहासारखे.’’

‘‘मी हसण्याचा विषय झालो ते तुझ्यामुळे?’’

‘‘हसू देत. कीव करण्यापेक्षा हसलेले बरे.’’

मी रागवायला हवं होतं. दोन दिवस मी नाव न कळता जिला मनातल्या मनात शाप देत होते ती माझ्यासमोर बसली होती, आणि तिच्या बोटांना उस्तादच्या पंजाचं तेल लागलेलं होतं.

‘‘उस्ताद,’’ अम्म बदावी म्हणाला, ‘‘हे कधीपासून?’’

‘‘रमजानच्या आधीपासून. येतं आणि जातं. उपवासाची अशक्तता आहे.’’

‘‘कधी एका डोळ्यासमोर पडदा येतो? कधी जीभ जड होते?’’

उस्तादने तोंड फिरवलं. उम्म नबीलनेच मान हलवली. ‘‘आज सकाळी माझं नाव घेता आलं नाही त्यांना.’’

‘‘माझ्या मोठ्या भावाचं असंच येत-जात होतं,’’ अम्म बदावी म्हणाला. ‘‘आम्ही सगळे म्हणालो, उन्हाचा त्रास आहे. नवव्या दिवशी तो गेला. उठा.’’

‘‘उद्या जाऊ. आज दोन प्रसंग...’’

‘‘एकतीस वर्षांत मी कुणाला विनंती केली नाही, फक्त हुकूम दिले. आज विनंती करतो. उठा, उस्ताद.’’

उस्ताद उठला. दारापाशी त्याचा उजवा पाय उंबऱ्याला अडला.

६

रोजा सुटायला पाऊण तास असताना कैरोच्या रस्त्यावर गाडी घालणं म्हणजे वेडेपणा. सगळं शहर त्याच वेळी घरी धावत असतं. पुलावर आम्ही अडकलो. मागच्या सीटवर उम्म नबील आणि मी, मध्ये उस्ताद. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण शब्द एकमेकांत चिकटत होते. ईहाब भोंगा दाबून धरत होता आणि रडत होता.

अम्म बदावी गाडीतून उतरला आणि पळाला. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस त्या गाड्यांमधून पळाला आणि पुलाच्या तोंडावरच्या वाहतूक पोलिसाला दंडाला धरून घेऊन आला. पोरगेलासा शिपाई. त्याने वैतागून खिडकीतून डोकावलं आणि त्याचा चेहरा बदलला.

‘‘ब्रिगेडियर शाकिर!’’

तो ताठ झाला आणि त्याने खाडकन सलामी ठोकली. उस्तादने त्याच्याकडे पाहिलं. उजवा हात मांडीवरून हलला नाही. मग त्याने डावा हात उचलला आणि कपाळाला लावला.

शिपाई हसला नाही. त्याने आम्हा सगळ्यांचे चेहरे वाचले, शिट्टी तोंडात घातली आणि मोटरसायकलवर टांग टाकली. तोफ झाली तेव्हा आम्ही रुग्णालयाच्या फाटकाशी होतो. रस्त्यावर खजूर वाटणाऱ्या कुणीतरी खिडकीतून पाच पुड्या आणि चिंचेच्या सरबताच्या बाटल्या आत टाकल्या. त्याला माहीत नव्हतं आम्ही कोण. मी अजूनही रोज त्या अनोळखी माणसासाठी दुवा मागते, आणि त्या शिपायासाठीही.

उस्तादच्या मानेतली डावी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही आज आणलंत. उद्या आणलं असतंत तर मी काही बोलू शकले नसते.’’ तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी त्याने उम्म नबीलचं नाव घेतलं, पुरं, वडिलांच्या नावासकट. ती कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकली आणि मोठमोठ्याने हसत सुटली.

उस्तादला रुग्णालयात नेलं त्या संध्याकाळी हाझिम मात्र हातात घड्याळ घेऊन स्टुडिओत बसला होता. मी फाइल त्याच्यासमोर ठेवली. त्याने सहा कार्बनप्रती सहा कागदांशी लावल्या. सहा वेळा दोन आणि तीन.

‘‘कुणी?’’ त्याने विचारलं.

अम्म बदावी माझ्याकडे बघत होता. त्याने वाटेत एवढंच सांगितलं होतं, ‘‘नाव द्यायचं की नाही ते तुझ्या हातात. नुकसान तुझं झालंय.’’

मी सगळं सांगितलं. नावासकट. आणि मग म्हटलं, ‘‘तिला काढलंस तर मीही जाते. तिने आकडे बदलले नसते तर ही बोंब झाली नसती, आणि बोंब झाली नसती तर उस्तादचा हात कुणी बघितला नसता.’’

हाझिमने सहाही प्रती फाइलमध्ये परत घातल्या. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या युनिटसमोर माझी माफी मागितली, आणि वाहिनीला पत्र पाठवलं की चुका तांत्रिक होत्या, नशवाचा दोष नाही. उम्म नबीलला त्याने मालिका संपेपर्यंत पाकिटाला हात लावायची बंदी केली. तिनेही ती खाली मान घालून स्वीकारली. उरलेल्या भागांत ब्रिगेडियर शाकिर जखमी होऊन रुग्णालयातून फोनवर तपास करतो असं लेखकाने लिहिलं. उस्तादने ते प्रसंग खरोखरीच्या पलंगावरून, डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने, दिवसाला दहा मिनिटं दिले. अम्म बदावी म्हणाला, आजवरच्या भागांत सगळ्यात कमी चुका असलेले हेच.

उम्म नबील माझ्याकडे एकदा आली. हातात घरी केलेले कहक, ईदची साखर भुरभुरलेली बिस्किटं, होते. ‘‘माफ कर म्हणायला तोंड नाही,’’ ती म्हणाली.

‘‘मग म्हणू नका,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या वडिलांच्या मयताला तुम्ही रात्रभर बसला होतात. मी तेव्हा आभार मानले नव्हते. आज मानते.’’ आम्ही दोघी एका बशीतून कहक खाल्ले.

७

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी मिठाई घेऊन शुब्रा भागात अम्म बदावीच्या घरी गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार त्यानेच उघडलं. घरात तो एकटा होता. भिंतीवर त्याचा गणवेशातला तरुणपणचा फोटो, आणि टीव्हीवर कुठल्यातरी दुसऱ्या वाहिनीची पोलीस मालिका चालली होती. हातात वही होती.

‘‘ये. या लोकांनी तर पंचनाम्यावर तारीखच घातली नाही,’’ तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. मग त्याचं लक्ष डब्याकडे गेलं. ‘‘हे काय?’’

मी वाटेत भाषण तयार केलं होतं. तुम्ही माझं नाव वाचवलंत, उस्तादचा जीव वाचवलात, असं काहीतरी. प्रत्यक्षात मी नुसती उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘तुमचे आभार मानायला आलेय.’’

अम्म बदावीने डबा घेतला. उघडला नाही. दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

‘‘एकतीस वर्षांत मी चारशेच्या वर गुन्हे उलगडले,’’ तो म्हणाला. ‘‘प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी आत गेलं. त्याची बायको ठाण्याबाहेर रडायची. मी मागच्या दाराने घरी यायचो. मला कधी कुणी मिठाई आणली नाही, पोरी. आणणार तरी कोण?’’

त्याने टीव्ही बंद केला, खुर्चीवरची वही उचलून मला जागा केली.

‘‘ही पहिलीच केस, जिच्यात सगळे आपापल्या घरी गेले. बस. चहा टाकतो. आभार कुणी कुणाचे मानायचे ते मग ठरवू.’’

स्वयंपाकघरात तो बराच वेळ होता. चहाला इतका वेळ लागत नाही. मी आत गेले नाही.